या क्रमांकावर उत्तर पाठवू नका

तुझं काम नेमकं काय, असं आई विचारते
तेव्हा मी सांगते : दुकान आहे, पण माल नाही.
केटाच्या बाजारात तिने तीस वर्षं कापड विकलं, वारावर मोजून.
ती म्हणते, माल नसला तरी
उधारी असेलच.

आक्रा. चौथा मजला.
जनरेटर सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरतात,
पडद्यावरचा आलेख तेवढा हलत नाही.
मी प्रॉडक्ट मॅनेजर. म्हणजे
कोड लिहीत नाही, चित्रं काढत नाही,
कर्ज देत नाही, मागायलाही जात नाही.
कधी मागायचं आणि कोणत्या शब्दांत,
ते ठरवते.

गेल्या तिमाहीत एक वाक्य लिहिलं.
एकशे साठ अक्षरांत बसवायचं होतं.
'प्रिय' काढलं, थोडी जागा झाली.
'कृपया'वर पाऊण तास मीटिंग चालली.
एबो म्हणाला, कृपयाने वसुली अर्धा टक्का घसरते.
अर्धा टक्का म्हणजे किती?
म्हणाला, दोन पगार.
कुणाचे, ते बोलला नाही.

कृपया गेलं.
तळाशी, सवयीने :
या क्रमांकावर उत्तर पाठवू नका.

लोक पाठवतात.
हे मला मंगळवारी कळलं. भलताच बिघाड शोधताना
सेलासीने एक तक्ता उघडला. त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा.
हे काय?
काही नाही, कचरा. आलेली उत्तरं.
एकेचाळीस हजार ओळी.

सगळे जेवायला गेले. मी वाचत बसले.

*बाई, निरोप मिळाला. तुम्ही कशा आहात?
महिनाभर समुद्र बंद आहे, सरकारने होड्या वाळूवर ओढायला लावल्यात.
धुराच्या चुलीवर जाळी रिकामी.
समुद्र उघडला की पहिली टोपली तुमची.*

*मी तो नाही. तो वारला. फोन आता माझ्याकडे.
त्याचं किती राहिलंय?*

*शुक्रवार.*

*शुक्रवार म्हटलं होतं ना मी.*

*आमेन. तुम्हालाही.*

तुम्हालाही? कशाचं उत्तर हे?
मागे जाऊन पाहिलं. आम्ही लिहिलं होतं :
आजच भरा, दंड टाळा.

आणि एक नंबर, दर रविवारी संध्याकाळी :
*आज दोन सेडी भरले. मोजून घ्या.*
*आज पाच.*
*आज काही नाही. देव आहे.*
त्याचं कर्ज मार्चमध्येच फिटलंय.
बाकी शून्य झाली की आम्ही गप्प होतो.
तो अजून हजेरी लावतो.

आईचा तगादा मला आठवतो.
रविवारची चर्च सुटली की ती मला घेऊन निघायची,
धेणेकऱ्याच्या घरी बाकावर टेकायची.
आमच्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी देतात,
मग येण्याचं कारण विचारतात.
ती पाणी प्यायची. मुलांची चौकशी, गुडघ्याची, छपराची.
कारण कुणी विचारलं तर म्हणायची,
काही नाही, याच वाटेने चालले होते.
उठायची.
बुधवारी पैसे यायचे. कधी नाही यायचे,
मग पुन्हा तहान लागायची.

हे एकशे साठ अक्षरांत बसवून पाहिलं.
पाण्यापर्यंतच संपली.

तीस तारखेला तो तक्ता पुसला जाणार आहे, नियमच आहे तसा.
मी तिकीट उघडलं. त्याचा साचा ठरलेला :
ग्राहक म्हणून मला अमुक हवं, म्हणजे तमुक होईल.
लिहिलं :
कर्जदार म्हणून मला उत्तर द्यायचं आहे,
म्हणजे

एबो परत आला, हातात केंकेचा पुडा, मिरचीचा वास.
खांद्यावरून वाचत म्हणाला, यात फायदा काय लिहिणार?
ती चौकट सक्तीची आहे,
रिकामी ठेवली तर तिकीट पुढे सरकत नाही.

त्याचं बरोबर आहे.
मी त्या चौकटीत लिहिलं :
शुक्रवार.